चुलत पुतणीच्या टेनिसबाबत

अर्जदार : खाली सही करणार, वय मध्यम, धंदा अर्जनवीस, बसण्याची जागा पिंपरीतील कचेरीबाहेरचे लिंबाचे झाड. जिच्याविषयी अर्ज : अर्जदाराची चुलत पुतणी, धंदा टेनिस, नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्या लग्नाचे बोलणे अजून कोठे कोठे चालू आहे. विषय : कारखान्याच्या क्लबातील टेनिस कोर्टावरचा पहाटेचा एक तास, जो तिला पूर्वी मिळत होता व हल्ली मिळत नाही. काळ : आमच्या शिवारात पहिला कारखाना उभा राहिला त्या सुमारापासून आजतागायत. साक्षीदार : एक, पुतणीची आई, दोन, क्लबचा वॉचमन, तीन, आमचा तांबडा बैल, जो आता हयात नाही.

पिंपरीपासून चाकणपर्यंत इतक्या नियमितपणे हरणारी, आणि हरून इतक्या खुशीत घरी येणारी दुसरी व्यक्ती कोणी दाखवून दिल्यास मी लेखणी कायमची खाली ठेवीन. खटला हरलेली माणसे मी रोज पाहतो. त्यांची चाल मला पाठीमागूनही ओळखू येते. ही मात्र मद्रासेपर्यंत जाते, पहिल्याच फेरीत हरते, परत येऊन वळकटी ओट्यावर टाकते आणि विचारते, "आये, भाकर हाय का?" हरूनही ज्याला दुःख होत नाही त्याचा आतून काही दुसरा फायदा झालेला असतो, हा माझ्या धंद्याचा पहिला धडा आहे. म्हणून मी प्रथमपासून तिचा संशय घेतला, आणि तो अद्याप मागे घेतलेला नाही.

मूळ हकीकत अशी. आमच्या भावकीची जमीन कारखान्यात गेली. जेथे चुलतभावाचे खळे होते, नेमके तेथेच साहेब लोकांचे टेनिस कोर्ट झाले. कोर्ट शेणामातीचे, ते वरचेवर सारवावे लागते. साहेबांनी पुण्याहून आणलेली माणसे सारवीत, आणि दुपारच्या उन्हात कोर्टाला भेगा पडत. अखेर आमच्या वहिनींना, म्हणजे पुतणीच्या आईला, बोलावणे आले. "खळं सारवायचं तसंच हाय, भाऊजी, फकस्त मधी जाळी बांधलीया," एवढाच त्यांचा अभिप्राय. वहिनी सारवीत, बैल रूळ ओढी, आणि पोर काठाला बसून चेंडू अडवी. एका साहेबाच्या बंगाली पत्नीला पहाटे खेळायला सोबत मिळेना. तिने आपली जुनी रॅकेट पोरीच्या हाती दिली. फुकट मिळालेल्या वस्तूचा पुढे बोभाटा होतो हे जाणून मी रॅकेटचे रीतसर बक्षीसपत्र करून घेण्याचा आग्रह धरला. वहिनी म्हणाल्या, "ढुंगणाएवढ्या जाळीला कसला आलाय कागद?" परंतु त्या बाईंनी हसत हसत सही केली. सबब, पुतणीच्या कारकिर्दीचा कायदेशीर पाया मीच घातला आहे, हे येथे नमूद करतो.

पोर मोठी झाली, साहेबीण बदलून गेली, तरी हिचे पहाटे कोर्टावर जाणे थांबले नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आई जमीन सारवते, मुलगी नित्य त्याच जमिनीच्या चारी कोपऱ्यांत पळते : ही वहिवाट नव्हे तर दुसरे काय? टेनिस हा निव्वळ बहाणा. कायद्याने वहिवाटीला लागणारी बारा वर्षे भरली की ही पोर गेलेल्या खळ्यावर हक्क सांगणार! मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारले, "खरे सांग, कोणत्या वकिलाने शिकवले?" ती म्हणाली, "तात्या, माझा बॅकहँड चार दिस झाले बसंना, आन् तुमी वकील काय इचारता?" विषय टाळण्याची ही तऱ्हा मी कचेरीत पुष्कळ पाहिली आहे.

पुढे ती गावोगावच्या स्पर्धांना जाऊ लागली. सकाळी अधिकाऱ्यांच्या मुलींना शिकवायचे आणि त्या जोरावर बाहेरगावी जाऊन हरायचे, असा तिचा उदीम. देशाच्या क्रमवारीत तिचे नाव असे. परंतु यादी वाचणाऱ्याला जांभई येऊन गेल्यावर. स्पर्धेच्या गावी ती आधी जाई आणि परक्या कोर्टावर उकिडवी बसून नखाने जमीन खरवडून तिचा वास घेई. कोणी करणीचा संशय घेऊ नये म्हणून मी खुलासा मागितला. ती गंभीरपणे म्हणाली, "म्हशीचं शेण वापरलंय तात्या, चेंडू उठणार न्हाई." आणि चेंडू उठलाही नाही, पण ज्ञान असूनही ती हरली ती हरलीच. एकदा मात्र तिसऱ्या फेरीत पोहोचली, तर ओशाळी होऊन परत आली. "चुकून झालं. समोरचीला ताप व्हता." तिच्या आखूड पोशाखाविषयी आळीत कुजबुज झाली तेव्हा वहिनींनी भर नळावर निकाल दिला : "आपुन कासोटा मारून चिखलात उतरतो, तवा काय पायांवर पडदा सोडतो व्हय गं?" त्यानंतर कुजबुज बंद झाली, माझा संशय तेवढा चालू राहिला.

तो कळसाला पोहोचला पुण्यातील एका जिमखान्यावर, जेथे मी स्वतः हजर होतो. त्या दिवशी पुतणी चक्क जिंकत आली होती. अखेरच्या गुणाला समोरच्या मुलीचा चेंडू रेषेजवळ पडला; खुर्चीवरच्या पंचाने तो बाहेर ठरवून पुतणीला विजयी केले. मी टोपी उडवली. पाहतो तो ही बया मागे गेली, वाकली, सारवणावर उठलेला ठसा तिने निरखला, आणि पंचाला सांगितले की चेंडू आत आहे. गुण समोरच्या मुलीला गेला, त्यामागोमाग डावही गेला. मी संतापलो. "निकाल आपल्या बाजूने लागल्यावर स्वतःच्या विरुद्ध साक्ष देणारा पक्षकार मी उभ्या जन्मात पाहिला नाही! किती खाल्लेस त्यांचे?" ती घाम पुसत म्हणाली, "ठसा आतच व्हता, तात्या. सारवणाऱ्या बाईनं बघितला आसंल की. तिला काय वाटंल?" कुंपणापाशी खरोखरच एक बाई शेणाची बादली घेऊन बसली होती. मी तिच्याकडेही संशयाने पाहून घेतले.

आता मुद्द्याकडे येतो. क्लबाने कोर्ट सिमेंटचे केले. वहिनींचे काम संपले, आणि नव्या हुकमाने पुतणीलाही फाटक बंद झाले. वॉचमन बिचारा म्हणाला, "ताई, तुम्हाला अडवताना मलाच लाज वाटते, पण मेंबर बिगर कुणी नाही." तेव्हा ती माझ्या झाडाखाली आली. मी तिच्यासाठी माझ्या हयातीतला सर्वोत्तम अर्ज लिहिला : वडिलोपार्जित खळे, आईचे सारवण, अखंड वहिवाट, सर्व काही. तिने तो ऐकून घेतला आणि वहिवाटीच्या कलमावर बोट ठेवले.

"ह्ये खोडा."

"अगं, हाच अर्जाचा कणा आहे. इतकी वर्षे याचसाठी ना पळत होतीस?"

"जागा न्हाई मागायची, तात्या. तास मागायचा. सायेब लोक उठायच्या आत येते नि जाते. पायात अजून दोनेक वर्सं हायेत माझ्या. मंग म्या आपनहून थांबीन."

मी तिच्या डोळ्यांकडे निरखून पाहिले. तीस वर्षांचा माझा अनुभव तेथे काहीतरी लपलेले शोधत होता. काही सापडले नाही, याचीच मला अजून चुटपुट आहे. कणा काढून अर्ज पुन्हा लिहिला व पोहोचता केला; त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. हल्ली ती चाकण रस्त्यावरच्या ट्रकतळाच्या भिंतीवर चेंडू मारते. ड्रायव्हर ओरडतात, "ओ ताई, भिंत दमली, सोडा आता!" ती हसते. परंतु भिंतीपुढची जमीन खडीची. परवा ती पाय ओढत घरी आली, आणि भाकरीचे विचारले नाही.

तरी क्लबाच्या माननीय व्यवस्थापकांस नम्र विनंती की, सदर अर्जाचे उत्तर द्यावे. मंजुरी दिल्यास उपकार होतील. नामंजूर केल्यासही हरकत नाही. निकाल विरुद्ध लागला म्हणजे उठून दुसऱ्या गावी जाण्याची तिला सवय आहे. परंतु निकालच न लागण्याची तिला मुळीच सवय नाही. ती रोज संध्याकाळी कचेरीवरून जाताना विचारते, "तात्या, काय आलं का?" आणि हरप्रकारची उत्तरे लिहून देणाऱ्या मला तिला द्यायला एकही उत्तर सुचत नाही. कळावे.