तिनं कोणतं लुगडं नेसावं

नव्या साडीची घडी मोडायची म्हणजे ती पहिल्यांदा नेसायची. आमच्याकडे जिच्यावर जीव असतो तिला बायका म्हणतात, घे, तूच मोड घडी. मग ती साडी एक दिवस तिच्या अंगावर असते आणि नंतर मालकिणीकडे परत येते. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. वडगावातल्या या घरात मागावरून उतरलेली प्रत्येक साडी मी उजेडात धरून बघितली, सुटलेले धागे कात्रीनं कापले, घडी घातली. मोडली एकीचीही नाही. साडी व्यापाऱ्याची असते. सूत त्याचं, जरीचा धागा त्याचा, आमचे फक्त माग आणि हात. मी नेसते त्या साड्या दुकानातल्या, छापाच्या, धुवायला सोप्या.

याचं मला रोज वाईट वाटायचं असं नाही. मागवाल्यांच्या घरात जन्मले, मागवाल्यांच्याच घरात आले. चौथी झाली आणि मला कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला, बसवलं, तेव्हापासून बसलेलीच आहे. आता गुडघे दुखतात, कान मागांच्या आवाजानं जड झालेत. मधेच एक बाई डोक्यात आली आणि तिला एक नवं लुगडं नेसवावं असं मला वाटलं. एवढंच खरं तर झालं.

वाचनालयातून पुस्तकं आणायची सवय मला आहे. दुपारी करंट जातो, माग थांबतात, तेवढा वेळ माझा. जुन्या काळच्या कादंबऱ्या मला आवडतात. त्यांतल्या बायका सारख्या शालू नाही तर पैठणी नेसतात. सकाळी एक, पूजेला एक, नवरा लढाईहून आला की आणखी एक. एवढं सगळं विणायचं म्हणजे, वाचतानाच माझी मान भरून यायची. ही पैठणी कुणी विणली, विणताना त्या घरात चूल कशी पेटली, ते कुणी लिहीत नाही. मग मुलीच्या शाळेच्या उरलेल्या वह्या काढल्या आणि मीच लिहायला घेतलं. कुणाला सांगितलं नाही.

माझी बाई पेशव्यांच्या काळातली, इथल्याच पेठेतल्या विणकराची बायको. सरदाराचे शिपाई तिच्या नवऱ्याला तोफ ओढायला वेठीला धरून नेतात. मागावर अर्धं लुगडं राहतं, सरदाराच्याच बायकोनं सांगितलेलं. बाई खड्ड्यातल्या मागावर बसून ते पुरं करते आणि तेच नेसून वाड्यावर जाते, नवऱ्याला सोडा म्हणायला. लुगडं बघून दारातले शिपाई बाजूला होतात. सरदाराची बायको बघते तर तिचं लुगडं विणकराच्या बायकोच्या अंगावर. हे पान मी सगळ्यांत आधी लिहिलं. त्या पानापर्यंत पोचायला पुढची तीन वर्षं गेली. ते पान असावं म्हणूनच मी बाकीचं सगळं लिहीत होते.

सासूला आम्ही आत्ती म्हणतो. आत्तींना आता माणूस आणि दार एवढंच वेगळं दिसतं, पण कान तिखट आहेत. एका दुपारी मी लिहिलेलं वाचून बघत होते. त्यांनी वहीचं पान उलटल्याचा आवाज ऐकला.

"काय वाचालीस ते मोठ्यानं वाच की. मलाबी ऐकू दे."

"वाचनालयाचं पुस्तक आहे," मी म्हणाले. मीच लिहिलंय असं सांगायला जीभ वळली नाही. आणि वाचायला लागले.

सुरुवातीलाच बाई राणी कलरचं लुगडं नेसून पाणी भरायला जाते. ते लिहिलं त्या आठवड्यात आमच्या मागावर राणी कलर होता, दिवसभर डोळ्यांसमोर तोच, म्हणून मी तोच लिहिला होता.

"राणी कलर?" आत्ती म्हणाल्या. "ह्यो शहाणा कुठला म्हणायचा? राणी कलर डब्यातनं येतो गं. माझ्या आजेसासूच्या वक्ताला कुठला डबा? ती मुळं उकळून तांबडा काढायची. हात आठ-आठ दिस तांबडं ऱ्हायचं तिचं."

मी पुढं वाचलं. बाईनं घाईत चोळीचे हुक लावले.

"हुक? पेशवाईत? मग चेन बी लाव म्हणावं."

मला हसू आलं, पदर तोंडाला लावला.

"हसतीस काय? म्होरं गाठ असती चोळीला. सांग त्याला."

"कुणाला?"

"लिवणाऱ्याला. एक दिस मागावर बसवा त्याला, अक्कल येईल."

मी संध्याकाळी कणिक मळायच्या आधी दोन्ही चुका खोडल्या. राणी काढून मुळांचा तांबडा लिहिला, हुक काढून गाठ बांधली. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा वाचला. आत्ती भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"एका दिसात पुस्तक सुधारलं व्हय गं?" त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. त्यांना दिसत नाही हे माहीत असूनही घातली. त्यानंतर करंट गेला की त्या म्हणायच्या, "म्होरलं लिवलं असंल तर वाच."

असं महिनाभर चाललं. घरातही कळलं. नवरा जेवायला बसला की विचारायचा, "तुमची ती बाई वाड्यावर पोचली का न्हाय? तवर तोफेला गंज चढला असंल."

"तू जेव गुमान," आत्ती म्हणायच्या.

शेवटी ते पान आलं. मी घसा साफ केला. लुगड्याचे काठ, पदर, ते नेसताना त्याचा होणारा आवाज, सगळं मी सावकाश वाचलं. बाई उंबरा ओलांडते आणि शिपाई बाजूला होतात, तिथं थांबले. आत्तींचे डोळे मिटलेले होते.

"झोपलात काय?"

"न्हाय. ह्ये खोटं हाय."

"का? नवऱ्यासाठी बाई वाट्टेल ते करते."

"करती की. जीव देईल. पर सांगितलेलं लुगडं अंगाला लावणार न्हाय."

"कादंबरी आहे, आत्ती."

"मग घोड्यावर बसव तिला. तलवार दे हातात. ते मी खरं मानीन. ह्ये न्हाय."

मला राग आला. मी कधी त्यांच्यापुढं आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढला. म्हटलं, "इतक्या वर्षांत, इतक्या घरांत, एकीनं तरी मोडली असेल की घडी!"

त्या हाताची बोटं एकमेकांवर घासू लागल्या. जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की नव्या ताण्याचे धागे राख लावून एकेक असे पिळून जोडायचे असतात. त्यांची बोटं अजून तेच करतात.

"मी मोडली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. माझा नवरा तेव्हा त्यांच्या पोटात होता, सातवा महिना. ओटी भरायला गल्लीतल्या बायका येणार होत्या. त्यांच्याकडं धड एक लुगडं नव्हतं. होतं त्याला दंड घातलेला, म्हणजे दोन फाटकी लुगडी मधून फाडून चांगले अर्धे एकमेकांना शिवलेले, वरचं एका रंगाचं, खालचं दुसऱ्या. आदल्याच दिवशी मागावरून एक साडी उतरली होती. माझे सासरे म्हणाले, नेस अर्धा दिवस, कुणाला कळतंय.

"लई चांगली दिसत हुते म्हणं. बायका म्हणाल्या."

बायका गेल्यावर त्यांनी साडी उतरवली, सावलीत वाऱ्यावर धरली, जुन्याच मोडींवर घडी घातली आणि वर पाटा ठेवला. व्यापाऱ्याची पेढी शहापुरात होती. तिसऱ्या दिवशी सासरे साडी घेऊन गेले. व्यापाऱ्यानं ती उलगडलीसुद्धा नाही. नाकाजवळ नेली, वास घेतला आणि परत सासऱ्यांसमोर ठेवली. म्हणाला, ही तुमच्याच घरात राहू दे.

"आणि मग?"

"मग चार म्हैनं सूत दिलं न्हाय. माग मोकळा. तुझं सासरं दुसऱ्याच्या मागावर जायाचं, सांगकाम्यावानी. मला एक शबूद बोललं न्हाईत. बोललं असतं तर बरं झालं असतं."

"आणि ती साडी?"

"मधनं फाडली. दोन जुन्या लुगड्यांस्नी दंड घातला. लई वर्सं नेसले." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पर ते झालं माझं. तुझ्या बाईला काय नेसवायचं ते तू बघ. लिवणारी तू."

एवढ्यात करंट आला, माग सुरू झाले, आणि मी उठून गेले. लिवणारी तू असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त दमल्यासारखं झालं.

आठ-दहा दिवस वही उघडली नाही. रोज साड्यांच्या घड्या घालत होते आणि प्रत्येक घडीला ती बाई समोर उभी राहत होती, नेसव म्हणत. माझ्याच हातात होतं. मी लिहिलं असतं तर ती नेसली असती, तिला कोण अडवणार? तीन वर्षं मी तिला त्या दारापर्यंत चालवत आणलं होतं. पण पेन हातात घेतलं की पाट्याखाली ठेवलेली साडी दिसायची, आणि ती नाकाजवळ नेणारा माणूस.

मग एका दुपारी बसले आणि लिहून टाकलं. बाई दंडाचं लुगडं नेसते, वर निळं, खाली विटकं तांबडं. नवं लुगडं घडी घालून पांढऱ्या फडक्यात बांधते आणि दोन्ही हातांवर घेऊन निघते. शिपाई बाजूला होत नाहीत. बोचक्यात काय आहे विचारतात, उन्हात उभं करतात. दुपार कलल्यावर तिला आत घेतात. सरदाराची बायको तिथल्या तिथंच घडी मोडते, लुगडं अंगाला लावून बघते. आपलं विणलेलं कुणाच्या अंगावर कसं दिसतं ते बाई पहिल्यांदा बघते, आणि मिनिटभर नवऱ्याचं नावही विसरते. मग आठवून सांगते. सरदाराची बायको पदर न्याहाळत मागं उभ्या दासीला म्हणते, सोडा म्हणावं त्याला. एवढंच. तिला ते इतकं सोपं असतं.

पान चांगलं झालं. आधीच्यापेक्षा चांगलं झालं, हे मलाही कळतं. पण मला ते आवडत नाही. जुनं पान मी फाडलं नाही, तेही वहीत आहे.

आत्तींना वाचून दाखवलं. दंडाच्या जागी त्यांनी मान हलवली. शिपायांना एक शिवी दिली. शेवटी विचारलं, "सोडलं न्हवं त्याला?"

"सोडलं."

"मग झालं."

मी वही मिटली. बाहेर कुणाचा तरी जनरेटर चालू होता, आमचे माग अजून थांबलेले होते. मला वाटलं, त्यांचा डोळा लागला. पण त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "रंग तांबडाच ठेवलास न्हवं त्या नव्या लुगड्याचा? मुळांचा?"

"व्हय, आत्ती."

"चांगला दिसला असता गं तिला."