तात्यांची बॅटरी नवीच होती

ज्ञानदेवतात्यांनी नवी म्हणून जुनी बॅटरी माझ्या गळ्यात मारली, असं मी इंदापुरात त्यांच्या दुकानापुढे, सात-आठ ट्रकवाल्यांच्या देखत बोललो होतो. बॅटरी नवीच होती. महिन्यापूर्वी लासुर्ण्यात एसटीडी बूथवाल्यानं हाक मारून "इंदापूरचे वायरिंगवाले तात्या गेले" असा निरोप दिला, तेव्हा मला सगळ्यात आधी हेच आठवलं.

तात्या गाड्यांचं वायरिंग करत, बॅटऱ्याही विकत. हायवेवरचे ड्रायव्हर त्यांच्या नुसत्या शब्दावर बॅटरी घेऊन जात. त्र्याण्णव साली मी जुनी जीप घेतली आणि लग्नसराईत वऱ्हाडं नेऊ लागलो. टेप होताच, पण वऱ्हाडाला दणका हवा, म्हणून सीटखाली मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवला. मी स्वतः! विहिरीवरच्या मोटरची वायर दोनदा जोडली होती, तेवढ्यावर मी स्वतःला इंजिनिअर समजत असे. मांडवापुढे किल्ली खिशात टाकूनही गाणी वाजली पाहिजेत, म्हणून त्याची वायर थेट बॅटरीला नेली. तेव्हापासून जीप दोन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता 'टिक' करायचा. बॅटरी म्हातारी झाली असेल म्हणून तात्यांकडून नवी घेतली. तीही उतरली. भवानीनगरच्या एका नवरदेवाला घेऊन निघालेली माझी जीप वऱ्हाडालाच ढकलावी लागली. त्याच्या मामानं माझा जो उद्धार केला, तो जसाच्या तसा मी दुसऱ्या दिवशी तात्यांवर ओतला.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "गाडीत सोताच्या हातानं काय जोडलंय का?"

"छ्या! कायबी न्हाय."

टेप बंद केला की अ‍ॅम्प्लिफायरही झोपतो, अशी माझी समजूत. शिवाय इतकं बोलून झाल्यावर माघार कशी घ्यायची...

तात्यांनी किल्ली काढली, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा बल्ब जोडला. बल्ब मंद पेटला. "बघा, गाडी बंद हाय, तरी कोणतरी करंट खातंय." मग ते एकेक फ्यूज काढायचे आणि बल्बकडे बघायचे. सगळे फ्यूज निघाले, बल्ब आपला तसाच. "म्हंजे फ्यूजला वळसा घालून कोणतरी थेट बॅटरीवर बसलंय," असं पुटपुटत ते वायरीवरून बोटं फिरवत माझ्या सीटखाली पोचले. अ‍ॅम्प्लिफायर हाताला कोमट लागत होता. त्यांनी वायर उपटली आणि बल्ब विझला.

ट्रकवाले पलीकडे चहा पीत उभे होते. तात्यांनी जीपमधूनच ओरडून माझी अब्रू काढायला हवी होती. त्यांनी मला जीपमागे नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "किल्लीच्या लायनीवर जोडून देतो. पुन्यांदा अशी बिनफ्यूजची वायर घेऊ नका, जाळ व्हईल." आणि मी काय केलं? पुढे येऊन बॉनेट आपटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "खडसावलं तवा कुठं सरळ झालं काम!" तात्या फडक्याला हात पुसत राहिले. पुढच्या हंगामात त्या ट्रकवाल्यांतले दोघे-तिघे बॅटऱ्या बारामतीहून आणू लागले. मला ते दिसत होतं. मी मात्र तात्यांकडे जात राहिलो, त्यांचा चहा पीत राहिलो, त्यांना हसवत राहिलो. खरं काय ते पुढच्या खेपेला सगळ्यांसमोर सांगू, असं दर खेपेला ठरवायचो...

दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. तात्यांच्या पत्नी, पार्वतीकाकी, चुलीपुढे बसल्या होत्या. उंबऱ्याशी बसून मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज भरून आला, आणि खरं सांगतो, त्याचंही मला जरा बरंच वाटलं.

काकींनी भाकरी उलटली. "ते त्याच दिशी घरी येऊन बोलले हुते मला," त्या म्हणाल्या. "चार माणसांत त्यास्नी लबाड म्हणताना जीभ अडखळली न्हाय, आन् माफी मागायला माझं सैपाकघर घावलं व्हय तुमाला?"