चंद्रभागाबाईंचा ‘शे’

तेजस्विनी त्या फाइलला पुरती विटली होती. बी.एड.ची समाजसेवा म्हणजे तीस तास, आणि तीस तासांचे साठ फोटो! अंबडच्या कामगार वस्तीत बायकांना लिहायला शिकवायचं, तर निम्मा वेळ बॅनर सरळ धरण्यात जायचा. पडदा उघडण्याआधीच टाळ्या मागाव्यात, तसला प्रकार.

त्यात चंद्रभागाबाई. मूळच्या सटाण्याकडच्या, वय साठ, जीभ विशीतली. “फोटू काढ नि सोड माय, भाकरी टाकायच्या शेत,” आपल्या बोलीत म्हणायच्या, पण बसायच्या सगळ्यांच्या पुढे. चौथ्या आठवड्यात त्यांनी पाटीवर आयुष्यातलं पहिलं वाक्य लिहिलं: ‘मनं नाव चंद्रभागा शे.’

तेजस्विनीने ‘मनं’ पुसून ‘माझं’ केलं, ‘शे’ पुसून ‘आहे’ केलं. “आता बरोबर.”

“हे मी कुठं लिहिलं? हे तर तू लिहिलं!” बाई उठल्या त्या गेल्याच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीतल्या चौघीही आल्या नाहीत. शनिवारी प्राध्यापिका पाहणीला येणार होत्या. वर्ग रिकामा दिसला की तीस तास पुन्हा पहिल्यापासून.

“एका ‘शे’पायी!” ती मैत्रिणीवर, निकितावर करवादली.

“कुणीही चार बायका आणून बसव. फोटोत कोण ओळखतंय?”

“वर्ग आहे की वरात?” म्हणत ती तणतणत निघाली.

चंद्रभागाबाई दारात मेथी निवडत होत्या. “आणखी काय पुसायचं राहिलं?”

“चुकलं माझं. पण बाई, परीक्षेत ‘शे’ला गुण नाहीत हो!”

“माले कुठं परीक्षा शे? आधी मनं लिहू दे. तुझं पुस्तकातलं मग शिकीन.”

तेजस्विनी खाली बसली आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली.

शनिवारी पाचही जणी हजर होत्या. फळ्यावर ‘शे’ होतं, खाली ‘आहे’. प्राध्यापिकेच्या भुवया चढल्या. “तेजस्विनी, हे अशुद्ध फळ्यावर?”

“अशुद्ध नाही मॅडम, अहिराणी आहे.”

“अहवालात चालत नाही.”

“चालस!” चंद्रभागाबाई पहिल्या ओळीतून कडाडल्या. “मी लिखेल शे.”

तास मंजूर झाले, पण फाइलवर लाल शेरा पडला: ‘भाषाशुद्धीकडे दुर्लक्ष.’ तेजस्विनीने तो दोनदा वाचला, दात-ओठ खाल्ले, मग फाइल खुर्चीवर आदळून खडू उचलला आणि ती पाचजणींतल्या एकीकडे वळली.

“झुंबरबाई, तुमच्या पेठ तालुक्याकडं ‘आहे’ला काय म्हणतात?”