देवी प्रसन्न, सॉफ्टवेअर रुसलेलं

गेल्या रविवारी सकाळी देवपूरच्या घरी डोक्याला तेल लावून निवांत बसले होते... आणि चोपड्याहून ज्योत्स्नाचा फोन आला. "मॅडम, ते उघडतच नाहीये."

'ते' म्हणजे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर. आमच्या कॉलेजचा घरबसल्या करायचा एक डिप्लोमा आहे, त्याचे तास मी ऑनलाइन घेते. तास घेणं सोपं हो... खरं काम म्हणजे ते सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर चालू करून देणं. तेही माझ्याच गळ्यात.

ज्योत्स्ना केळीवाल्यांच्या घरातली सून. आतापर्यंत अमळनेरला माहेरी जाऊन भावाच्या कॉम्प्युटरवर प्रॅक्टिकल उरकायची. शेवटच्या प्रोजेक्टसाठी सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, नवा लॅपटॉप आणून दिला... आणि नेमकं त्याच्यावरच गाडं अडलं.

प्रोजेक्ट संध्याकाळपर्यंत अपलोड झाला नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. गेलं वर्ष तिचं बाळंतपणात गेलेलं. यंदा झालं तर झालं, नाहीतर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची, असं नानांनीच सांगून ठेवलं होतं.

मी नेहमीचं औषध दिलं. काढून टाक, परत टाक... बंद कर, चालू कर. सगळं करून झालं, तरी परत तीच लाल अक्षरं.

स्क्रीन शेअर करायला सांगावी तर नेट मध्येच मान टाकतं. मग ती मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढून पाठवायला लागली. एकात नुसता खिडकीचा उजेड, एकात तिचा अंगठा... माझी चिडचिड व्हायला लागली होती, खोटं कशाला बोलू.

शेवटी एक फोटो धड आला. एररमध्ये फोल्डरचा पत्ता दिसत होता... आणि त्यात जिथे लॅपटॉप वापरणाऱ्याचं नाव यायला हवं, तिथे नुसती प्रश्नचिन्हांची रांग. मी विचारलं, अगं, लॅपटॉप चालू केल्यावर नाव काय येतं?

तिने वाचून बघितलं. मग म्हणाली, "श्री मनुदेवी प्रसन्न."

घ्या! घरात नवीन काही आलं की नाना त्यावर आधी कुलदेवीचं नाव घालतात. ट्रॅक्टरवर तेच, मोटरसायकलवर तेच, विहिरीच्या मोटारीच्या पेटीवरही तेच. लॅपटॉपवर रंगवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी दुकानातच ठाण मांडून बसून ते आत टाकून घेतलं होतं... मराठीतून, 'श्री' सकट.

आता आमचं हे सॉफ्टवेअर पडलं इंग्रजी वळणाचं. पत्त्यात देवनागरी आली की त्याला काही सुधरत नाही. नुसतं वरचं नाव बदलूनही भागत नाही, आतलं फोल्डर तेच राहतं... इंग्रजी अक्षरांत दुसरं खातं उघडावं लागतं.

काम पाच-दहा मिनिटांचं. पण ज्योत्स्ना एकदम हळू आवाजात म्हणाली, "नानांना विचारावं लागेल." मी कपाळाला हात लावला. देवीच्या नावावर अडतं ते शिक्षणच नको, असं ते म्हणाले की संपलंच... पोरीचं आणखी एक वर्ष पाण्यात. आणि त्यांना समजावणार कोण, तर मी.

फोन स्पीकरवर गेला. नाना म्हणाले, "मॅडम, देवीनं नाव काढनं पडी का?"

मी घाईघाईने सांगितलं, नाही नाही नाना, देवीचं नाव आहे तिथेच राहू दे. बाजूला फक्त दुसरं उघडायचं, अभ्यासापुरतं. मागे कुठेतरी बाळ रडत होतं. मग म्हणाले, "मंग उघडा ना." एवढंच!

मी ज्योत्स्नाला एकेक पायरी सांगत गेले. नावाची चौकट आली तशी ती नवऱ्याचं नाव टाकते म्हणाली. घरातलं सिमकार्ड, गॅस, वायफाय सगळं त्याच्याच नावावर, म्हणून तिला तेच सुचलं असणार. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, खरं सांगते.

नाना शेजारीच उभे होते वाटतं. मला फोनवर स्पष्ट ऐकू आलं. "त्यानं काय काम शे? परीक्षा तुनी शे. तुनं नाव टाक."

कीबोर्डवर टकटक ऐकू आली... थांबत थांबत, एकेक अक्षर.

सॉफ्टवेअर उघडलं. तक्ते आले, आलेख आले, आणि दिवेलागणीच्या आत प्रोजेक्ट अपलोडही झाला. मी पावती तपासली, ओके असा मेसेज टाकला आणि एकदाची केस धुवायला उठले.

परत आले तर तिने एक फोटो पाठवलेला. लॅपटॉपची पहिली स्क्रीन... वर देवीचं नाव, त्याच्याखाली इंग्रजीत 'ज्योत्स्ना'. आणि मेसेज, "मॅडम, नानांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं."

मी रोज कुणा ना कुणाचं खातं उघडून देते, नावाकडे लक्षही जात नाही. त्या दिवशी मात्र तो फोटो बराच वेळ बघत बसले... आणि नाना, तुम्हाला मनातल्या मनात वाकून नमस्कार केला.