सौ. अक्का ८७१, तुळशीराम तीन

गेमअप्पा व्हिडिओ गेम चिंचेनं घासायचे. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्यानं इथूनच उठावं. तांब्याचा हंडा घासतात ना, तसंच. चिंच भिजत घालायची, कोळ काढायचा, त्यात चिमूटभर मीठ. गेमच्या कॅसेटचे पितळी दात त्या कोळानं घासायचे, धुवायचे आणि कॅसेट गच्चीवर सांडग्यांच्या शेजारी वाळत घालायची. बीडचा एक टीव्ही दुरुस्त करणारा हे बघून डोक्याला हात लावून खालीच बसला. अप्पा त्याला म्हणाले, "पितळच हाय ना? मग पितळ चिंचेचंच ऐकणार, तुझं कावून ऐकंल?" दुपारी कॅसेट टीव्हीला लावली आणि चालू झाली. तो माणूस चहासुद्धा न घेता बीडच्या गाडीत बसला.

अप्पांचं वडवणीत भांड्यांचं दुकान होतं. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी, आणि बसायला उलटं घातलेलं पातेलं, कारण खुर्चीनं माणूस आळशी होतो. मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं टाकायचो. मी नोकर नव्हतो. पायरी त्यांची, मशीन माझं. मी तिसरी पास आहे. चौथीत मास्तरांशी पटलं नाही, त्यांनी माफी मागितली नाही, म्हणून मी परत गेलो नाही. तरी माझं अक्षर वाचल्याशिवाय आमच्या तालुक्यात कुणी जेवलेलं नाही. ताट उचला, वाटी उचला, त्यावरचं 'सप्रेम भेट' माझ्याच हातचं. चौथी पास झालेल्यांपैकी कुणी असं सांगून दाखवावं.

त्या वर्षांत दिल्लीत कुणीतरी बाजार उघडला असं पेपरात यायचं. आमचा बाजार तर आठवड्याच्या आठवड्याला उघडाच होता, त्यामुळे मला काही फरक कळला नाही. अप्पांच्या तराजूला मात्र कळला. पूर्वी लोक मोड म्हणून पितळेच्या घागरी आणायचे आणि बदल्यात स्टील न्यायचे. मग ज्यांची माणसं पुण्या-मुंबईला, आखातात होती, त्यांच्या घरातून भलतीच मोड यायला लागली. पहिली एक बाई आली. तिनं पिशवीतून पंज्याएवढं यंत्र काढलं आणि म्हणाली, "अप्पा, हे घ्या आन् मला भगुणं द्या. पोरगं धावीला हाय आन् बोटं ह्याच्यात. मामानं दुसरं नवं आणलंय, हे जुनं झालं."

अप्पांनी ते तराजूत टाकलं. आमटीच्या वाटीएवढंही भरलं नाही. पण टाकताना त्याचं कुठलं तरी बटण दबलं आणि तराजूतून टिंव टिंव टिंव असा आवाज सुरू झाला. अप्पा उलट्या पातेल्यावरून उठून उभे राहिले. सगळ्या आयुष्यात त्यांच्या तराजूत ओरडलेली ही पहिली मोड. बाईला भगुणं मिळालं, वर झाकण मिळालं.

मग बोलबाला झाला. पार तलवाड्यापासून बाया पिशव्या घेऊन यायला लागल्या. विटा रचायचे गेम आले, गाडी पळवायचे आले, मनगटावर बांधायचा एक आला. आखातातून आलेला एक लाकडी पट्टीचा डबा होता, त्याला भाकरी परतायच्या उलथन्यासारखा दांडा. नव्या गेमकडे अप्पा ढुंकूनही बघायचे नाहीत. "नवं कुणीबी घेतंय बे. जुनं सांभाळायला छाती लागती." वरच्या फळीवरचे पितळी डबे खाली आले आणि तिथे गेम बसले. गावानं अप्पांचं गेमअप्पा केलं. अप्पांना ते आवडलं नाही असं ते म्हणायचे, पण हाक मारली की 'ओ' लगेच द्यायचे.

मी एकदा विचारलं, "अप्पा, हे वितळायला कधी पाठवायचं?" तेव्हा मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, "तुळशा, मी जल्मभर लोकांचं जुनं मोडलं. तुझ्या हातची किती नावं भट्टीत घातली ते तूच सांग. आता एवढं एक न मोडता ऱ्हाऊ दे."

आलेल्या प्रत्येक गेमवर नाव टाकायचा अप्पांचा नियम होता. लग्नात गावभर गेलेली भांडी नावावरून घरी परत येतात ना, तोच नियम. "नाव असलं की वस्तू वाट चुकत न्हाई." म्हणून गेमच्या पाठीवर वर घराचं नाव, आणि खाली ज्यानं सगळ्यात जास्त गुण केले त्याचं नाव आणि आकडा. प्लास्टिकवर नाव टाकणं हे येरागबाळ्याचं काम नाही. स्टीलवर हात दाबून चालवावा लागतो. प्लास्टिकवर तसा दाबला तर सुई आरपार. मी लोण्यावर चालवल्यासारखी चालवायचो. एकही गेम माझ्या हातून मेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अप्पांच्या घरात खेळायचेही नियम होते. एका गेमला बंदूक होती, टीव्हीवरची बदकं मारायची. अप्पांनी सांगितलं, लिंगायताच्या दुकानात पाखरू मरणार न्हाई. नेम धरायचा, पण घोडा ओढायचा नाही. ज्याची सगळी बदकं सुखरूप उडाली तो जिंकला. त्या गेमवर सगळे वडवणीकर जिंकलेले आहेत.

आणि एक होता अंड्यांचा गेम. चार कोपऱ्यांत चार कोंबड्या, त्या अंडी घालणार, अंडी उतारावरून घरंगळत येणार, आणि मधल्या माणसानं टोपलीत झेलायची. तीन फुटली की खेळ खलास. आता हा गेम आला तेव्हा अक्का, म्हणजे अप्पांच्या मंडळी, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अंडी माझ्या उंबऱ्याच्या आत यायची न्हाईत." अप्पांनी विचार केला. चारही कोंबड्यांवर चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि यंत्र अक्कांच्या हातात दिलं. "बघ, कोंबडी कुठं हाय? आन् कोंबडी न्हाई तर अंडी कशाची? लिंबं हायत ती."

अक्कांनी लिंबं झेलून बघितली. त्या दिवशी दूध उतू गेलं, ते पुढे कितीतरी दिवस जात राहिलं. हात खाटेच्या काठावर टेकून, पदर खोचून, अक्का दोन अंगठ्यांनी अशी लिंबं झेलायच्या की बघणाऱ्याला घाम यावा. आठशे एकाहत्तर. ते मीच कोरलं, माझ्या हातानं: 'सौ. अक्का ८७१'. खाली एका नावापुरती जागा उरली होती.

त्या जागेनं माझं डोकं फिरवलं. मी तालुक्याची नावं टाकली, जावयांची, व्याह्यांची, सरपंचांची. माझं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. माझ्या लग्नातल्या भांड्यांवरही देणाऱ्यांची नावं. मशीन माझंच, एका मिनिटाचं काम. पण फुकट नाव टाकून घेणारा माणूस मी नाही. मी ठरवलं की आठशे बहात्तर करायचे आणि मगच सुई लावायची. दोन महिने रोज दुपारी अर्धा तास सराव केला. अप्पा विचारायचे, "किती?" मी म्हणायचो, "मोजत न्हाई." चारशेच्या वर जात नव्हतो.

आणि एका बाजारच्या दिवशी अंगठे लागले. पाचशे, सहाशे. लोक गोळा झाले. मिरच्यावाला मिरच्या सोडून आला. आठशेला अक्का आतून हात पुसत आल्या. आठशे बहात्तर झालं तेव्हा अप्पांनी पातेल्यावर थाप मारली. "बस कर तुळशा! जिंकलास! ठिव खाली!"

"हजार करतो," मी म्हणालो.

"भाऊ, थांबा, ऐका," अक्का म्हणाल्या.

"तुमी कावून घाबरताय अक्का? हजारच करतो."

थांबायचं कुणी सांगितलं की मला जास्त जोर चढतो, हे मास्तरांनाही माहीत होतं. नऊशे नव्वद, पंचाण्णव, नव्याण्णव. पुढचं लिंबू टोपलीत पडलं. आकड्याच्या जागी शून्य आलं.

त्या यंत्रात चौथ्या आकड्याला घरच नव्हतं. आता हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? मी त्या शून्याकडे बघत राहिलो. तीन लिंबं सवयीनं झेलली, आणि पुढची तीन माझ्या डोळ्यांदेखत फुटली. खेळ खलास. यंत्रावर तीन.

"हजार केले मी! सगळ्यांनी बघितलं!"

अप्पांनी यंत्र हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला. जन्मभर एकच धर्म पाळलेला माणूस. म्हणाले, "काट्यावर दिसतं ते वजन. तीन."

मिरच्यावाल्यानं "तुळशीराम तीन!" अशी हाळी दिली. बाजार उठेपर्यंत ती भाजीच्या भावासारखी चालू होती. "शाळा तीन, गेम तीन," असं म्हणणारा तर आमचा चुलतभाऊ होता. मी मशीन कापडात गुंडाळून दुकानात ठेवलं आणि अप्पांशी बोलणं सोडलं.

भाचीच्या लग्नाला तलवाड्याला गेलतो, चार दिवसांनी आलो. बघतो तर मशीनच्या सुईचं टोक मोडलेलं. माझ्या मशीनला मी बायकोलाही हात लावू देत नाही. अबोला सोडून विचारावं लागलं.

"अप्पा, सुई कुणी मोडली?"

"उंदीर असंल," अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

त्यानंतर लिंबांचं यंत्र फळीवर दिसलं नाही. विचारलं की अप्पा म्हणायचे, सेल संपलाय, तसला बटणासारखा सेल वडवणीत मिळत न्हाई. मी बीडहून सेल आणला, तर म्हणाले, यंत्र सापडत न्हाई. मी समजलो. मी पुन्हा खेळीन आणि अक्कांचं नाव खाली जाईल, ही भीती. पायरीवर बसत राहिलो, बोलत राहिलो, पण मनात ते ठेवलं. वर्षानुवर्षं ठेवलं. ठेवायला मी पक्का आहे.

पुढे भांडीसुद्धा शहरातून गाडीत येऊन दारोदार विकली जायला लागली. अप्पांचे गुडघे गेले, मुलगा बीडला होता, तो न्यायला आला. म्हणाला, हा सगळा पसारा भंगारात देऊ. अप्पांनी आठ दिवस काठी टेकत, पाठीवरची नावं वाचत, ज्याचा गेम त्याच्या घरी पोचवला. दहावीतलं ते पोरगं आता दोन लेकरांचा बाप झालेलं. त्याच्या हातात तो टिंव टिंव करणारा गेम ठेवला, तर त्याची आई भगुणं परत घेऊन धावली. अप्पांनी घेतलं नाही. "भगुण्यावरबी नाव टाकून दिलंय तुळशानं. ते तुमचंच."

निघायच्या दिवशी टेम्पोत पुढे बसल्यावर अप्पांनी मला खुणेनं बोलावलं आणि पेपरात गुंडाळलेली एक पुडी दिली. "घरी जाऊन सोड. हितं न्हाई." टेम्पो गेला. मी अर्थातच तिथंच सोडली.

लिंबांचं यंत्र. पाठीवर 'सौ. अक्का ८७१', माझं अक्षर, सुबक. आणि त्याच्या खाली, उरलेल्या जागेत न मावणारं, कडेवर चढलेलं, 'तुळशीराम १००३'.

खरं सांगतो, आधी मला रागच आला. काय ते अक्षर! 'ळ' जिलबीसारखा, 'श' उलटलेल्या खुर्चीसारखा. मग मी बीडचा तो जुना सेल घातला. चालू होईना. हलवून बघितलं तर आत काहीतरी खुळखुळलं. उजेडात धरलं. शेवटच्या तिनाच्या शेपटाला मोहरीएवढं भोक होतं. आरपार. आत खुळखुळतंय ते माझ्या सुईचं टोक.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बीडला गेलो. अप्पा मुलाच्या गच्चीवर बसले होते, उलट्या बादलीवर. मी यंत्र समोर धरलं.

"अप्पा, हे कुणी केलं?"

"उंदीर असंल."

"उंदराला लिवता येतंय?"

"वडवणीचा हाय. तुझ्या पायरीला ऱ्हाऊन शिकला असंल." मग नखानं बादली वाजवत म्हणाले, "आन् बे, काट्याला हजाराचं घरच न्हाई, ही काट्याची चूक. तुझी कावून? पर चार लोकांत बोलून बसलतो. वाटलं, नाव टाकावं आन् तुझ्या पुढ्यात ठिवावं. तर ते मेलंच माझ्या हातात. मारलेली वस्तू कुण्या तोंडानं देऊ?"

मी म्हणालो, "दाबून चालवलीत सुई. प्लास्टिकवर हात हलका पायजे." ते म्हणाले, "मग तू शिकवलंस कवा?" अक्का चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघंही नाक पुसत होतो, आणि दोघंही धूळ लई हाय म्हणालो.

अप्पा आता नाहीत. दर दसऱ्याला मी मशीनची पूजा करतो तेव्हा शेजारी लिंबांचं यंत्र ठेवतो. आधी त्याचे पितळी पट्टे चिंचेनं घासतो, धुतो, वाळवतो, सेल घालतो. चालू होत नाही. तो वाकडा 'ळ' बघून हात शिवशिवतो, पण सुई लावलेली नाही.

अक्का अजून आहेत. भेटलं की म्हणतात, "एक हजार तीन मला मान्य न्हाई भाऊ. काट्यावर तीन दिसलतं, मी स्वतः बघितलंय."

नसू दे मान्य. कोरलेलं आहे.