पंचेचाळीस वारांत चार लुगडी

मॅट्रिकला मला थर्ड क्लास मिळाला, तोही काठावरचा. वडगावात आमच्या गल्लीत मॅट्रिकपर्यंत पोचलेली मुलगी मी एकटीच, त्यामुळे कौतुक करायला आली त्याहून जास्त माणसं नाक मुरडायला आली. "थर्ड क्लासला कालिजात कोन घेतंय गं? आता लगीन कर आन् कांड्या भर," असं शेजारच्या काकू तोंडावर म्हणाल्या. धोट्यात बसवायच्या त्या सुताच्या कांड्या मी सहा वर्षांची असल्यापासून भरत होते. मॅट्रिकचा अभ्यासही एका हातानं कांड्या भरतच केला. मला त्याची लाज नव्हती आणि आजही नाही.

माझं घोडं अडलं ते गणितात. पेपरात एक प्रश्न होता. पंचेचाळीस वार लांबीचा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवला तर नऊवारी लुगडी किती निघतील, आणि ती विकून विणकराला नफा किती होईल? बाकीच्या मुलींनी पंचेचाळीसला नवानं भागलं, पाच लिहिलं आणि पुढं गेल्या. मी मात्र तिथंच अडले आणि मला हसू आलं. पेपर काढणारा बाबा उभ्या जन्मात मागावर बसलेला नव्हता! ताण्याचं शेवटचं टोक मागातच राहतं, तिथपर्यंत आडवं सूत नेणारा धोटा पोचत नाही. शिवाय विणताना सूत आटतं ते वेगळंच. पंचेचाळीस वारांत लुगडी चारच होतात, आणि वर एखाद्या पोरीच्या परकराला पुरेल एवढा तुकडा. मी चार लिहिलं, पुढचा सगळा नफाही चारावरच काढला आणि छाती काढून घरी आले.

आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते माग थांबवून म्हणाले, "बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं की उत्तर पाच. दीड पानाचं गणित पाण्यात गेलं.

तरी मला कॉलेजात जायचंच होतं. आप्पा एक दिवस माग बंद ठेवून माझ्याबरोबर बेळगावच्या कॉलेजात आले. आप्पांबद्दल एवढंच सांगते की, वीण जरा विरळ ठेवा, सूत वाचेल, असं एका व्यापाऱ्यानं सुचवलं तेव्हा हा माणूस त्याचं सूत त्याच्या पुढ्यात ठेवून परत आला होता. विणकामात लबाडी त्यांना खपत नसे. त्यापायी आम्ही कितीदा तरी नुसत्या भाकरीवर राहिलो.

कारकुनानं मार्कलिस्ट बघितली आणि थर्ड क्लासवाल्यांनी आधी प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटायचं, असं सांगून आत पाठवलं. साहेबांनी मला बसायला सांगितलं, आप्पांना नाही. त्यामुळे मीही उभीच राहिले.

"गणितात इतके कमी?" त्यांनी विचारलं.

मी लुगड्यांचा किस्सा सांगितला. ताणा, धोटा, आटणारं सूत, सगळं. साहेब शांतपणे ऐकत होते आणि गालात हसत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्या अर्जावर हात ठेवला आणि आप्पांकडे बघितलं.

"काय हो, तुम्ही विणकर ना? तुम्हीच सांगा. पंचेचाळीस वारांत किती होतात?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांच्या हाताखालच्या अर्जाकडे बघितलं.

"पाच," ते म्हणाले. "पाचच व्हत्यात, साहेब. पोरीचं चुकलंय. लेकरू हाय, पदरात घ्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या तोंडून असली लाचारी मी कधी ऐकली नव्हती. "आप्पा, खोटं का बोलताय?" मी म्हटलं, आणि मग माझं तोंड सुटलं ते सुटलंच. "साहेब, ताणा आम्ही देतो, मागही आमचाच घ्या. ज्यानं हा पेपर काढला त्याला वडगावात घेऊन या आणि पाचवं लुगडं विणून दाखवायला सांगा. त्यानं विणलं तर मी पुन्हा कॉलेजचं नाव काढणार नाही. नाही विणलं तर माझे मार्क मला परत द्या."

आप्पा माझी बाही ओढत होते. साहेबांनी अर्ज पुढ्यात ओढून टाक उचलला. मग त्यांनी अर्जावर लिहिलं की सहामाहीला गणितात नापास झाल्यास नाव कमी करावं, आणि खाली सही केली. ती सही माझ्या भांडणाला मिळाली की आप्पांच्या हात जोडण्याला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सहामाहीला मी पास झाले. झक मारत पास झाले, कारण नापास होणं मला परवडणारं नव्हतं.

त्या दिवशी परतताना आप्पा शहापूर मागं पडेपर्यंत माझ्या चार पावलं पुढंच चालत होते. मीही फुगले होते. मग चालता चालताच, खाली बघत, ते म्हणाले, "चारच व्हत्यात गं. मला काय ठाऊक न्हाय व्हय? कालिजात तुझं नाव लागत असतं तर सा लुगडी व्हत्यात म्हनलो असतो."

पुढं पुष्कळ लोक मला सांगत, ते साहेब मनानं फार दयाळू होते, त्यांनी तुला घेतलं म्हणून तू शिकलीस. असतील दयाळू. पण माझ्या बापाला स्वतःच्या मागाबद्दल खोटं बोलायला लावलं, ते मी त्यांना माफ केलेलं नाही.