तालमीचा अर्ज

देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगतो, ह्या किश्श्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता हाच किस्सा मी आजवर चार तऱ्हांनी सांगितलाय, हे कबूल. पण शपथ चारही वेळा हीच घेतली होती!

अन् सांगणं भागच आहे. उभं आयुष्य मी नाटकं बसवण्यात घातलं. दगडासारख्या माणसांकडून स्वगतं म्हणवून घेतली. आणि अंबडात चहाच्या हॉटेलापुढून गेलो की लोक विचारतात काय? "मास्तर, तबला कसा आहे आता? जखम भरली का?"

संताप येणार नाही तर काय होईल?

तर ऐका. निजामाचं राज्य. चार माणसं एका जागी खोकली तरी परवानगी लागायची. जत्रेत आमचं नाटक ठरलेलं. मीच लिहिलेलं, एक राजा, त्याच्या दोन राण्या आणि शेवटी राजाचं मरण. वीस जणांची कंपनी, तबल्यावर गणपत. सरकीच्या रिकाम्या गोदामात आमचं काम सुरू झालं. म्हटलं, उगाच कुणी चुगली केली तर नाटक बुडायचं. रीतसर अर्ज टाकून मोकळं व्हावं.

कचेरीबाहेर अर्जनवीस बसायचा. लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे, हे त्याचं काम. त्याला म्हणालो, "लिहा, वीस माणसांची रोज तालीम व्हायची आहे, तरी इजाजत मिळावी."

त्याची कलम थांबली. "तालीमच लिहू, मास्तर? का दुसरा लफ्ज टाकू?"

मी उसळलो. "तुम्ही मला शब्द शिकवून राह्यले? अहो, नाटकवाला माणूस आहे मी! तालीम म्हणजे तालीम. नुक्ताही बदलायचा न्हाई!"

नाही हो बदलला त्यानं. तिथंच बुडालो.

जत्रा सहा दिवसांवर आली आणि भर दुपारी गोदामापुढं टांगा थांबला. शेरवानी, तुर्की टोपी, तोंडात पानाचा विडा. साहेब! म्हटलं, हे नाटक तपासायला आलेत, ह्यांनी नको म्हटलं की आपण संपलो. मी धावलो. बोलायचे ते उर्दूत, पण मराठी त्यांना बराबर समजायची. माझ्या उर्दूचं तर विचारूच नका!

"यहाँ के मास्टर कौन हैं?"

"हेच आमचे मास्तर!" वीस जण एका सुरात.

"तालीम कब से जारी है?"

"आठ दिवस झाले, हुजूर."

साहेबांनी वही काढली. विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारत म्हणाले, "तलबा कितने हैं?"

मला ऐकू आलं, तबला. "एकच आहे, हुजूर. दोन होते, एक फुटला."

"अर्जी में तो बीस लिखे हैं!"

"वीस ठेवून काय करू, साहेब? एकालाच सांभाळताना नाकी नऊ येतात."

"और दूसरे को क्या हुआ?"

"ह्या गणपतनं मारलं जास्त. कातडं फाटलं."

साहेबांचं चावणं थांबलं. "इतना मारा?"

"मारल्याबिगर बोलत न्हाई ना, साहेब," गणपत अदबीनं म्हणाला. "कवा कवा तर हातोडीनं ठोकावा लागतो."

"या अल्लाह! अब कहाँ है वो?"

"जालन्याला धाडलाय," मी म्हणालो. "नवं कातडं चढवून घ्यायला."

साहेब सरकीच्या पोत्यावर मटकन बसले. कुणीतरी पाणी दिलं. जरा सावरून त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "लड़कियाँ भी हैं यहाँ?"

"दोघी आहेत, हुजूर. थोरली आत्ताच दाढी करायला गेली."

वही मिटली. टांगा धुरळा उडवत गेला. मी कंपनीकडं वळून म्हणालो, "पाह्यलं? माझ्या उर्दूपुढं साहेब गारद!"

दुसऱ्या दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. तिथला पेशकार, म्हणजे साहेबांचे कागद सांभाळणारा, हसू दाबत म्हणाला, "अहो मास्तर, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. तलबा म्हणजे विद्यार्थी. तुमचा अर्ज वाचून शिक्षणाचे साहेब शाळा तपासायला आल्ते! त्यांनी लिवलंय, 'एकच विद्यार्थी शिल्लक. दुसऱ्याची चामडी सोलून जालन्याला रवाना. मास्तरला ताबडतोब पकडा.'"

शाळा? मी शाळामास्तर? असा भडकलो म्हणता! टेबलावर हात आपटून ओरडलो, "शब्द आमचा आहे! तुमच्या खात्यानं पळवलाय तो! आमच्या तालमीत घाम गळतो, तुमच्या तालमीत नुसती शाई!"

आवाज ऐकून साहेब आतून बाहेर आले. पेशकारानं त्यांना तबल्याचं उलगडून सांगितलं.  मंग साहेब असे हसले, असे हसले, की टोपी खाली पडली. "जाइए मास्टर, हुक्म भिजवाता हूँ."

संध्याकाळी हुकूम आला. उर्दूत, शिक्क्यानिशी. मी तो कंपनीपुढं खणखणीत वाचला, "नाटक मंजूर. तालीम बिलकुल बंद."

आता सांगा! पोहायची परवानगी, पण पाण्यात उतरायचं नाही! तिसऱ्या अंकात कुठून यायचं, हे राजाला ठाऊक नव्हतं. थोरली राणी अजून मिशीवर ताव देऊन लाजत होती. पाच दिवस मी सरकारच्या नावानं बोटं मोडत गावभर हिंडलो. कंपनी घरोघरी निवांत!

नाटक झालं. आणि काय सांगू, रंगलं! धाकटी राणी भिंतीतून आली. राजा वाक्य विसरला आणि मनचं बोलत सुटला. लोक हसून लोळले. राजाच्या मरणाला वन्समोअर मिळाला आणि तो पठ्ठ्या पुन्हा मेला! हे शोकांत नाटक होतं हो! माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं गाजलेलं दुसरं नाटक नाही, हेच दुखणं आहे.

खेळ सुटल्यावर पेशकार गळ्यात पडला. "वा, मास्तर! साहेबांनी तालमीला दिवसाचीही अन् रात्रीचीही इजाजत लिहून दिल्ती. चीज केलंत!"

तेव्हा एवढी दुरुस्ती करून घ्या. हुकूम मी वाचला, हे मी बनवून सांगितलं. मला उर्दूतलं अलिफसुद्धा ओळखता येत नाही. वाचला तो गणपतनं. बाकीचे सगळे माना खाली घालून, तोंडाला उपरणं लावून ऐकत होते, खांदे नुसते गदगदा हलत होते. मला वाटलं, तालीम बंद झाली म्हणून बिचारे रडून राह्यले.